हत्ती आणि भिक्षू

दिवाळीला घरी आलेल्या माणसाला 'केव्हा निघालास?' असे विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे करावा, ही आमच्याकडची रीत. दमून आला असेल तर पाण्याबरोबर गुळाचा खडा. माझ्या आईने ही रीत जन्मभर पाळली. आता तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि गेली सहा वर्षे तिला एकेक गोष्ट आठवेनाशी होत चालली आहे. आलेला माणूस कोण, हे तिला सांगता येत नाही. तरीही त्या गूळपाण्यावाचून मला आज जे सांगायचे आहे ते सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास धाकट्या भावाचा मुंबईहून फोन आला. म्हणाला, "दादा, येत्या जानेवारीत मी मॅरेथॉन धावणार आहे. आईसाठी."

मुंबईत २००४ सालापासून ही शर्यत होते. दोन वर्षे साथीमुळे खंड पडला, एरवी जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पहाटे हजारो माणसे धावतात. पुरे अंतर ४२.१९५ किलोमीटर. धावणाऱ्यांपैकी पुष्कळजण एखादी सेवाभावी संस्था निवडतात आणि आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांना म्हणतात, मी धावतो, तुम्ही या संस्थेला पैसे द्या. भावाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी झटणारी एक संस्था निवडली होती आणि वर्गणीच्या यादीत पहिले नाव थोरल्या भावाचे असावे, अशी त्याची इच्छा होती.

मी म्हणालो, "आई अजिंठ्याला आहे. तू मुंबईत धावून तिच्यापर्यंत कसा पोचणार?"

पलीकडे काही वेळ शांतता पसरली. मग त्याने 'बरे' म्हणून फोन ठेवला. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एखादे वाक्य नेमके जमले की त्याचा आनंद अंमळ जास्तच होतो. ते वाक्य कुणाला जाऊन लागले, हे पाहण्याचे भान त्याला मागाहून येते.

आईचे दुखणे आम्हांला प्रथम दुखणे वाटलेच नाही. चहात दोनदा साखर पडली, आम्ही हसलो. शेजारणीकडे जाऊन आल्यावर तिला स्वतःचे दार सापडेना, तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी 'साठी बुद्धी नाठी' म्हटले आणि आम्ही तेही ऐकून घेतले. या म्हणीने आपल्याकडे किती म्हाताऱ्यांच्या आजाराची थट्टा केली असेल, देव जाणे! गीतेतही स्मृतिभ्रंश येतो, पण तो क्रोधाच्या मागोमाग येणारा दोष म्हणून. माझ्या आईला तर रागवायला सवड अशी कधी मिळालीच नाही. शेवटी शंभर किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी नेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा मेंदूचा रोग आहे. अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०६ साली प्रथम त्याचे वर्णन केले. त्याला थोपवून धरील असे औषध आजही नाही. काही औषधांनी उतार जरासा संथ होतो, इतकेच. साठी उलटलेल्या आपल्या देशबांधवांत स्मृतिभ्रंश झालेले सुमारे ८८ लाख लोक असावेत, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे शंभरांत सात. आमच्या गल्लीत आमचे एकच घर आहे असे मी समजत होतो. नंतर मोजले, तर तीन निघाली. बाकीच्या दोन घरांची दारे लावलेली असत, एवढेच.

भावाला मी जे बोललो त्यामागे एक जुना नैतिक प्रश्न होता. दान आणि सेवा यांत श्रेष्ठ काय? पैसा पाठवणारा मोठा, की अंथरूण बदलणारा? आपल्याकडे 'या हाताचे त्या हाताला कळू नये' असे म्हणतात. इथे तर छातीवर क्रमांक लावून, चारचौघांत घाम गाळून दान मागायचे! आणि ज्या आईसाठी म्हणून हे सारे, तिला मॅरेथॉन म्हणजे काय हे ठाऊक नाही, मुलगा म्हणजे कोण हेही ठाऊक नाही. ज्याला कळणारच नाही त्याच्यासाठी केलेले, ते खरोखर कुणासाठी?

या प्रश्नाला मला दोन उत्तरे मिळाली, आणि दोन्ही आमच्या डोंगरातच होती. शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी लेणी दाखवायला नेतो. आमच्या गावातून घाट उतरून फर्दापूरकडे गेले की तिथून लेण्यांचा रस्ता फुटतो. सतराव्या लेण्यात मातृपोषक जातकाचे चित्र आहे. एक हत्ती आपल्या आंधळ्या आईला सांभाळत असतो. राजाची माणसे त्याला पकडून नेतात. गजशाळेत उत्तम चारा समोर असूनही तो तोंड लावत नाही, कारण तिकडे आई उपाशी आहे. राजाला हे कळते आणि तो त्याला सोडून देतो. हत्ती आईकडे परत जातो. रंग पुसट झाले आहेत, पण ही गोष्ट सांगताना सर्वांत दंगेखोर मुलेही गप्प होतात. वर्षानुवर्षे मी मुलांना हेच शिकवले, की प्रेम करणाऱ्याने परत आले पाहिजे.

तिथून पुढे सव्विसावे लेणे. आत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सात मीटर लांबीची मूर्ती आहे. ती पाहण्याच्या घाईत दर्शनी भिंतीवरच्या शिलालेखाकडे सहसा कुणी वळत नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा संस्कृत लेख. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने हे लेणे करविले, ते अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याला आणि मातापित्यांना उद्देशून. त्याचा आशय असा, की जोवर जगात माणसाची आठवण राहते तोवर त्याला स्वर्गातले सुख लाभते. म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात करावे. घरदार सोडलेल्या भिक्षूच्या लेखातही माता आणि पिता हे शब्द आलेच! आणि त्याने या हाताचे त्या हाताला कळू न देण्याचीही पर्वा केली नाही. सरळ दगडात लिहून ठेवले.

म्हणजे एकाच डोंगरात हत्तीही आहे आणि भिक्षूही आहे. एक स्वतः परत जातो, दुसरा उद्देशून देतो. इतकी वर्षे मी मुलांना हत्तीपाशी थांबवले आणि भिक्षूसमोरून घाईने पुढे नेले.

दिवाळीत भाऊ घरी आला. माझ्या बोलण्याचा त्याने विषयही काढला नाही. फक्त रोज पहाटे वेशीपासून धावत घाट उतरायचा आणि चढून यायचा. पहिल्या दिवशी तो परतला तेव्हा उजाडले होते. दारात पणत्या विझत आल्या होत्या, आई ओट्यावर बसली होती. घामाने निथळणारा तो माणूस पायरीवर टेकला. आईने त्याच्याकडे पाहिले, उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तळहातावर गुळाचा खडा होता.

"लांबून आलात जणू," ती म्हणाली. "बसा. आधी पाणी घ्या."

तिने आपल्या पोटच्या मुलाला अहोजाहो केले. भावाने गूळ तोंडात टाकला, पाणी प्याला आणि कितीतरी वेळ खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज तिच्या दृष्टीने एक नवा वाटसरू येत होता आणि रोज त्याला पाणी मिळत होते.

त्या पायरीवर माझ्या प्रश्नाचा पाया खचला. 'ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी केलेले व्यर्थ' असे म्हणावे, तर मग माझी पत्नी रोज जे करते तेही व्यर्थ ठरते. कारण न्हाऊ घातल्यावर दहा मिनिटांत आई विचारते, 'मला आज न्हाऊ नाही का घालायचे?' सेवेची नोंद आईच्या स्मृतीत होत नाही. पण अंग स्वच्छ झाले, मन निवले, हे खरेच असते. कुणी केले ते जाते, केल्याचे सुख काही काळ उरते. आणि आई ज्याला पाणी देत होती त्याला तरी ती कुठे ओळखत होती? माणूस ओळखल्यावाचून त्याची तहान ओळखता येते. तिने कुणाला दिले हे तिला कळत नव्हते, म्हणून ते दान उणे ठरले का?

पण एवढ्यावर भाऊ सुटतो असे नाही, आणि मी तर मुळीच नाही. भाऊबीजेच्या दुपारी तो वहिनीला त्या संस्थेची माहिती सांगत होता. आपल्या देशात अल्झायमर झालेल्यांसाठी पहिली मोठी संघटना १९९२ साली केरळात निघाली. आता ठिकठिकाणी दिवसभर रुग्णांना सांभाळणारी केंद्रे आहेत, सांभाळणाऱ्यांना शिकवतात, त्यांच्या बैठका होतात. पत्नी वाती वळत ऐकत होती. मग तिने हात थांबवला.

"भाऊजी, त्या पैशांतून कुणा बाईला एक दुपार निवांत झोप मिळणार असेल, तर खुशाल धावा," ती म्हणाली. "पण धावून झाले की आठ दिवस इथे येऊन राहा. मलाही एक दुपार पाहिजे."

खोलीत मीही होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही, हे मला अधिक लागले. भावाला 'आई अजिंठ्याला आहे' असे ऐकवणारा मी तरी आईपाशी कुठे होतो? सकाळी शाळा, रात्री लेखन. आईच्या विसरण्यावर मी एका कादंबरीचे दोन अध्याय लिहिले होते, आणि ते लिहीत असताना पलीकडच्या खोलीत पत्नी चौथ्यांदा अंथरूण बदलत होती. एकाच छपराखाली राहून मीही लांबूनच धावत होतो. फरक इतकाच, की माझा भाऊ ते मान्य करीत होता आणि मी स्वतःला चित्रातला हत्ती समजत होतो. आमच्या घरातला हत्ती वाती वळत बसला होता.

तेव्हा मला वाटते, सेवा श्रेष्ठ की दान श्रेष्ठ हा प्रश्न बहुधा सेवा न करणारेच विचारतात. जो रात्रीचा उठतो त्याला एवढेच हवे असते, की कुणीतरी ओझ्याचे दुसरे टोक धरावे. ते शेजारी उभे राहून धरता येते आणि दुरूनही धरता येते; पण धरले का, हे मात्र ओझे वाहणाऱ्यालाच विचारावे लागते. भिक्षूचे दान हत्तीपर्यंत पोचले पाहिजे. न पोचले तर ते केवळ दगडावरचे नाव.

जानेवारीत भाऊ पुरे अंतर धावला. शेवटचे काही किलोमीटर चालला, असे त्यानेच सांगितले. यादीत माझे नाव होते, पहिले नव्हते. मे महिन्यात तो आठ नव्हे, पंधरा दिवस येऊन राहिला आणि माझी पत्नी तीन वर्षांत प्रथमच माहेरी जाऊन आली. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघा भावांनी आईला न्हाऊ घातले. पहिल्या दिवशी तिने माझा हात झिडकारला, कारण पाणी ऊन होते. चाळीस वर्षांपूर्वी तिने मला न्हाऊ घालताना आधी कोपर बुडवून पाहिले असणार. मला ते आठवत नाही. मग तिच्या त्या कष्टांना अर्थ नव्हता, असे मी म्हणणार आहे काय?

यंदाची दिवाळी आली आहे. भाऊ येणार आहे, घाट धावणार आहे. आईला आता तांब्या भरता येत नाही. पण हातात दिला तर ती तो समोरच्या माणसापुढे अजून धरते. रोज पहाटे तांब्या भरून ओट्यावर ठेवायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.