शिरेतून भरवलेला घास

अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या आप्तांचा पहिला प्रश्न बहुधा औषधाचा नसतो. ‘त्यांच्या पोटात काही गेले का?’ असे ते विचारतात. आजाऱ्याला पेज भरवणे ही आपल्याकडे शुश्रूषेची सुरुवात. सेप्सिसमध्ये जंतुसंसर्गाला शरीर बेफाम प्रतिसाद देते आणि अवयव निकामी होऊ लागतात. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, ‘नळीने पोटात जाईल तेवढेच, शिरेतून आहार आठवडाभर नको.’ घरच्यांना ती उपासमारीची शिक्षाच वाटते.

वास्तविक शिरेवाटे दिला जाणारा आहार हे वरदान आहे. ते साधे सलाईन नव्हे. त्यात प्रथिनांचे घटक, साखर, स्निग्धांश, जीवनसत्त्वे सारे असते. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्ले केवळ याच आहारावर वाढवून दाखवली. आतडी निकामी झालेल्या कित्येकांना त्यामुळे जीवदान मिळाले.

परंतु २०११ साली बेल्जियममधील ४६४० अत्यवस्थ रुग्णांच्या (सारेच सेप्सिसचे नव्हेत) पाहणीतून निराळेच दिसले. ज्यांना हा पूरक आहार आठव्या दिवसापर्यंत दिला नाही, त्यांना नवे जंतुसंसर्ग कमी झाले व ते लवकर सावरले. मृत्यूचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. तीव्र आजारात शरीर स्वतःचेच स्नायू झिजवते. वरून ओतलेल्या अन्नाने ती झीज थांबत नाही.

मग भुकेल्याला अन्न देण्याच्या आज्ञेचे काय? बेशुद्धावस्थेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या रुग्णांविषयी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००४मध्ये सांगितले की, कृत्रिम मार्गाने दिलेले अन्नपाणी ही तत्त्वतः साधी, बंधनकारक शुश्रूषाच होय. मात्र ते आपला हेतू साधते तोवर. माझ्या मते सारी मेख या ‘तोवर’मध्ये आहे. जे अन्न पोसत नाही, उलट अपाय करते, ते थांबवून ठेवणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे. ते भरवण्याचा हट्ट पुष्कळदा आपल्याच मनाच्या समाधानासाठी असतो. (हे लिहिताना मलाही अवघडल्यासारखे होते.)

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुळातच अतिशय कृश असलेल्यांना त्या पाहणीत घेतलेलेच नव्हते. आपल्या सरकारी इस्पितळात दाखल होणारा मजूर आजारापूर्वीच अर्धपोटी असतो. त्याला बेल्जियमचा आठवडा सरसकट लावणे अन्यायाचे ठरेल. म्हणून आप्तांनी विचारावेच: आहार केव्हा सुरू करणार, आणि आज का नाही? तोवर ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसायला कोणी मनाई केलेली नाही.