टाकलेली वस्तू कोणाची?



गेल्या महिन्यात आमच्या धर्मगुरुनिवासात दिव्याची एक काच फुटली. आम्ही ती कागदात गुंडाळून उरल्यासुरल्या अन्नाच्या पिशवीतच टाकली, गाठ मारली आणि पिशवी घंटागाडीत दिली. दोन दिवसांनी गाडीवरच्या भाऊंच्या हाताला पट्टी दिसली. विचारले तर म्हणाले, "फादर, हे रोजचेच आहे. कोणाच्या पिशवीत काय असते, कुठे कळते?" ती काच आमची होती की दुसऱ्या कोणाची, हे कळायला मार्ग नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. पिशवी हातातून सुटली की तिची जबाबदारीही सुटते का?

"आम्ही घरपट्टी भरतो, पुढचे पालिकेने बघावे," असे पुष्कळजण म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. मात्र घरपट्टीतून कामगाराचा पगार निघतो. त्याने आपल्या घाणीत उघडे हात घालावेत, हा हक्क काही आपण विकत घेत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेचा विचार करताना एक भेद केला. वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार एकट्याचा असू शकतो. वापरताना मात्र ती सर्वांची आहे असेच मानायला हवे. सेमिनरीत हे शिकताना आमच्या डोळ्यांसमोर शेत, धान्य, पैसा असे. कचरा कधी आला नाही! खरे तर वस्तू टाकून देणे हाही तिचा वापरच, आणि त्याची झळ दुसऱ्यालाच अधिक लागते. आपला वसईचा कचरा वर्षानुवर्षे गोखिवऱ्याला गेला. त्या ढिगाशेजारीही माणसेच राहतात.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आठवा. पाच हजारांना पुरून उरेल इतकी भाकर ज्याने दिली, त्याला तुकड्यांची काय गरज होती? तरीही प्रभूने ते वेचायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. टंचाईत काटकसर कोणीही करतो. ही भरपूर असतानाची होती.

आपल्या आजीच्या वेळी वाडीत कचरा असा फारसा नव्हताच. पालापाचोळा केळीच्या बुंध्याशी जाई, मासळी धुतलेले पाणी माडाला. आता त्याच भाजीच्या देठांना आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडतो. ढिगाखाली हवा न मिळाल्याने ती कुजतात आणि त्यांतून मिथेन वायू निघतो. वाडीतल्या बावखलांतही राडारोडा आणि पिशव्या पडल्या. मग पावसाचे पाणी घरात शिरले की आपण आभाळाला दोष देतो.

सुका कचरा वेगळा करून भंगारवाल्याला दिला की आपल्याला बरे वाटते. द्यावाच. पण आमचे मत विचाराल तर या बरे वाटण्यापासून थोडे सावध असावे. प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरले की त्याचा कस उतरतो, आणि सगळेच प्लॅस्टिक भंगारातही चालत नाही. मुळात कमी आणणे हेच खरे, आणि तेच जड जाते. सणाच्या जेवणानंतर हॉलमागे पडलेला पत्रावळ्या-ग्लासांचा ढीग आम्हीच दोन वर्षे पेटवून दिला. धूर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात जात होता. त्यांनी तक्रार केली नाही, खिडकी लावून घेतली.

बिल्डिंगीत राहणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी चर्चमागे भोके पाडलेले दोन ड्रम ठेवले आहेत. साली, देठ, चहाचा चोथा आणावा. मासळी-मटण नको, उंदीर येतात. प्रत्येक थरावर सुकी पाने पसरावीत. आंबट वास आला तर ओल जास्त झाली असे समजून आणखी पाने घालावीत व ढवळावे. दोनतीन महिन्यांत खत होते. वेदीवरची सुकलेली फुलेही आता तिथेच जातात.

यंदा सणाच्या जेवणाला स्टीलची ताटे वापरायचे ठरले आहे. घासायला माणसे लागतील, आम्हीही उभे राहू. नावे पॅरिश ऑफिसात द्यावीत.