शेजाऱ्याला जामीन राहावे का?



संध्याकाळी एखादा नातेवाईक घरी येतो. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि निघता निघता तो पिशवीतून एक फॉर्म काढतो. "पतपेढीचे कर्ज आहे. जामीनदार म्हणून तुमची फक्त सही हवी." आपण भिडेपोटी सही करतो. माझ्याही हातून अशी एक सही झाली. कर्ज कशासाठी, हे मी विचारले नाही. पुढे हप्ते थकले आणि नोटीस माझ्या नावावर आली. पैसे हळूहळू फिटले. पण त्या घरी आमचे जाणे-येणे दोन वर्षे बंद राहिले.

मग कोणालाच जामीन राहू नये का? नीतिसूत्रांचे पुस्तक जामिनकीबद्दल पुन्हा पुन्हा सावध करते. पण उत्पत्तीच्या पुस्तकात भावाची जबाबदारी झटकून टाकणारा काइनही आपल्याला भेटतो. या दोहोंचा मेळ कसा घालायचा?

आपल्यापैकी अनेकांचे सोयरे वसईत आहेत. तिथल्या शेतकऱ्याला सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी 1918 मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस ह्या धर्मगुरूंनी एक सहकारी पतसंस्था सुरू केली. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. पापडी नाक्यावरचे तिचे कार्यालय अनेकांनी पाहिले असेल.

त्या काळच्या ग्रामीण पतसंस्था 1904 आणि 1912 च्या कायद्यांखाली निघत. त्यांत सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित असे. म्हणजे संस्था बुडाली, तर तिचे देणे प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत पोहोचू शके. ऐकायला हे कठोर वाटते. पण त्यामुळेच कर्ज देताना विचारणे भाग पडे: पैसा विहिरीसाठी हवा की लग्नातल्या थाटासाठी? पीक आले नाही तर काय करणार? सावकार तारण पाहत असे. सहकारात शेजाऱ्याने शेजाऱ्याचा संसार पाहायचा होता. मत मात्र प्रत्येकाला एकच, मग शेअर कितीही असोत.

दान आणि सहकार यांत हाच फरक आहे. दान देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. सहकारात दोघे एका पंक्तीला बसतात, म्हणून एकमेकांना प्रश्न विचारू शकतात.

हे विचारणे थांबले की काय होते, तेही आपण मुंबईत पाहिले आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. कर्जांचा फार मोठा भाग एकाच उद्योगसमूहाकडे गेल्याचे उघड झाले. नाव सहकारी होते. पण पैसा कुठे जातो, हे सामान्य माणसाला ठाऊक नव्हते.

म्हणून मला वाटते, विचारपूस म्हणजे अविश्वास नव्हे. ती प्रेमाचाच भाग आहे. मी त्या संध्याकाळी दोन प्रश्न विचारले असते, तर कदाचित कर्ज लहान झाले असते आणि नाते वाचले असते. सही करायची तर जाणून करावी. नाही म्हणायचे असेल तर तोंडावर, मायेने म्हणावे आणि झेपेल तेवढी मदत परतफेडीची अपेक्षा न ठेवता करावी.

मरोळही एके काळी शेतीवाडीचे गाव होते. आज आपण बहुतेकजण गृहनिर्माण सोसायटीचे सभासद आहोत, म्हणजे सहकारीच. तरीही वार्षिक सभेत कोरम भरत नाही. अर्धा तास थांबून हजर असलेल्या मोजक्या माणसांत सभा उरकावी लागते. मग वर्षभर जिन्यात तक्रारी चालतात.

पुढच्या सभेची नोटीस लागेल तेव्हा आपण जाणार का? आणि कोणी फॉर्म घेऊन दारात आला, तर त्याला आत बसवून नीट विचारणार का? ह्या आठवड्यात घरी एकत्र बसून ह्यावर बोलूया.