चिऊला, टिप बदलण्यापूर्वी

प्रिय चिऊ,


पूलच्या क्यूचा फोटो पाहिला. टिप एका बाजूने सुटली आहे आणि त्या फटीत फेविक्विक सोडायचा तुझा बेत आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. तो बेत सोडून दे. फटीत चॉकची भुकटी बसलेली असते. गोंद तिलाच चिकटतो, चामडं आणि त्याखालचं टोपण, म्हणजे फेरूल, वेगळेच राहतात. चार फ्रेम सगळं ठीक वाटतं आणि ऐन ब्रेकला टिप उडते. नवीनच बसव, आणि घरी बसव. जमण्यासारखं काम आहे.

पार्लरमधल्या मार्करकडे द्यावा का, हा तुझा प्रश्नही पोचला. मार्कर मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पार्लरचे क्यू दिवसभर शंभर हातांतून जातात आणि त्यांच्या टिपा त्याला भराभर उरकाव्या लागतात. तुझ्या एका क्यूला द्यावा तेवढा वेळ तो आणणार कुठून? एखाद्या दुपारी त्याला चहा पाज, शेजारी बसून तो ब्लेड कसं धरतो ते नीट बघ, आणि क्यू घेऊन घरी ये.

या कामात जपायची वस्तू टिप नाही, फेरूल आहे. शाफ्टच्या टोकाचं ते पांढरं टोपण. टिप झिजण्यासाठीच असते. ही बिघडली तर दुसरी लाव, दुसरी बिघडली तर तिसरी. फेरूलवर ब्लेडचा चरा उठला तर तो तिथेच राहतो, आणि काचपेपरने घासून गेलेलं फेरूल परत येत नाही. दर वेळी थोडं जास्त घासणाऱ्यांचे क्यू मी पाहिलेत. काही वर्षांत टोपणाची नुसती चकती उरते. खाली मी जे जे 'करू नकोस' म्हटलं आहे, ते बहुतेक सगळं याच एका कारणासाठी.

आधी टिपची निवड. पूलच्या क्यूचं टोक साधारण 13 मिलिमीटरचं असतं, तेव्हा 14 ची टिप आण आणि कडेने कापून बरोबर कर. स्नूकरच्या टिपा 9-10 मिलिमीटरच्या, त्या तुला उपयोगाच्या नाहीत. दुकानदार दोन प्रकार दाखवेल. एक, सलग चामड्याच्या, म्हणजे शिकागोच्या ट्वीटन कंपनीची एल्क मास्टर किंवा तिच्यापेक्षा कडक अशी ल प्रोफेशनल. दुसऱ्या, पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या, जशी जपानची कामुई. थरांच्या टिपा महाग, पण एकीसारखी दुसरी निघते. सलग टिपांच्या डब्यात मात्र दोन सारख्या सापडतील तर शपथ. त्या एकेक करून फरशीवर टाक आणि ऐक. बद्द आवाजाची मऊ, खणखणीत आवाजाची घट्ट. अमेरिकेतले काही पूल खेळाडू एल्क मास्टर दुधात भिजवून, वाळवून, शिकंज्यात दाबून घट्ट करतात आणि तिला मिल्क डड म्हणतात. हा प्रयोग तू करू नयेस. दूध कुठे गेलं हे आईला सांगावं लागेल. पहिल्या खेपेला स्वस्तातली, मध्यम घट्ट, सलग टिप घे. महागडी कामुई शिकाऊ हाताखाली देण्यात अर्थ नाही.

जुनी टिप उपटायची नाही. पक्कड लावून पिळलीस तर चामड्याबरोबर फेरूलचा टवकाही येईल. कोरं कटर ब्लेड घे, फेरूलच्या वर मिलिमीटरभर चामडं शिल्लक ठेवून क्यू फिरवत फिरवत काप, आणि उरलेला पापुद्रा काचपेपरने काढ. तुझ्या कपाटातला नेलपॉलिश रिमूव्हर या कामात आणू नकोस. त्यातलं ॲसिटोन सुपरग्लू विरघळवतं हे खरं, पण बरीच फेरूलं प्लास्टिकची असतात आणि ॲसिटोन त्यांनाही मऊ करतं. हेअर ड्रायर आणि उकळतं पाणीही नको. त्यांनी टिप सुटेल, पण फेरूल ज्या गोंदाने लाकडाला धरून आहे, तोही सैल पडेल.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे तो भाग. फेरूलचा माथा आणि टिपचा तळ, दोन्ही सपाट हवेत. नुसते गुळगुळीत नव्हे, सपाट. टिप आणि बॉल यांची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीच पडते आणि तेवढ्यात सगळा धक्का त्या सांध्यातून जातो. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये गोंदाचा पातळ पडदा असेल तर तो हा धक्का वर्षभर सोसतो. मध्ये खळगा असेल तर तिथे गोंदाचा खडा तयार होतो. सुपरग्लू वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो, त्यामुळे खडा तडकतो आणि फटक्याला 'टक' असा भरीव आवाज न येता कोरडा 'टिक' ऐकू येतो. तो आवाज आला की समजायचं, टिप निघायच्या वाटेवर आहे. लोक मग गोंदाला नावं ठेवतात. बिचाऱ्या गोंदाचा त्यात काही दोष नसतो.

लेथ मशीन असेल तर हे क्षणात होतं. तुझ्याकडे स्वयंपाकाचा ओटा आहे. ग्रॅनाइट चांगलं सपाट असतं. त्यावर 120 नंबरचा काचपेपर टेपने ताणून चिकटव. काटकोनात कापलेला लाकडी ठोकळा त्यावर उभा ठेव आणि शाफ्ट त्याला टेकवून फेरूलचा माथा पेपरवर फिरव. पूलच्या शाफ्टचा टोकाकडचा फूटभर भाग बहुधा एकाच जाडीचा असतो, म्हणून तो ठोकळ्याला नीट टेकतो. त्याआधी माथ्यावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मार. चार-पाच फेऱ्यांनंतर बघ. रेघा एका बाजूच्याच पुसल्या असतील तर हात कलतोय. सगळ्या पुसल्या गेल्या की तिथेच थांब. आणखी दोन फेऱ्या मारायचा मोह होईल. त्या दोन फेऱ्यांत काही सुधारत नाही, फेरूल तेवढं कमी होतं.

टिपचा तळही तसाच, पेन्सिलीच्या रेघा मारून, पेपरवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घासायचा. बोटांचा दाब एका बाजूला जास्त पडतोच, म्हणून मधूनमधून टिप बोटांत फिरवून धर. चामड्यावर बारीक लव उठली पाहिजे. गोंद धरतो तो तिला. मग दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुस आणि त्यांना पुन्हा बोट लावू नकोस. हाताचं तेल लागतं.

गोंद जेलसारखा घट्ट घे. पातळ सुपरग्लू चामडं पिऊन टाकतं, टिप आतून दगड होते आणि सांध्यात गोंद उरत नाही. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने धरतो, त्यामुळे पावसाळ्यात, त्यातून कोकणात असलीस, तर तुला टिप मध्यावर सरकवायला फार अवधी मिळणार नाही. फेरूलच्या मध्यावर थेंबभर पुरे. टिप ठेव, चारी बाजूंनी कड सारखी बाहेर आली आहे ना ते बघ, क्यू उलटा करून ओट्यावर सरळ दाब आणि मिनिटभर तसाच धर. मग रात्रभर बाजूला ठेव. कोणी म्हणेल, पाच मिनिटांत वाळतं. वाळू दे, आपण रात्रभरच ठेवायचा. चपला दुरुस्त करणाऱ्यांकडचं पिवळं सोल्यूशनही चालतं. ते दोन्हीकडे लावून, थोडं सुकू देऊन मग दाबायचं. टिप पुढे काढायची झाली तर ते सोपं जातं, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने जेल वापरावं.

सकाळी कडा काप. त्याआधी फेरूलला मास्किंग टेपचे दोन वेढे दे. क्यू उलटा धरून टिप लाकडी पाटावर टेकव आणि ब्लेड फेरूलला समांतर ठेवून वरून खाली, पाटाकडे, पातळ पातळ साली काढ. एकाच घावात काम उरकायला गेलीस की ब्लेड आत वळतं आणि फेरूलमध्ये शिरतं. केसभर कड शिल्लक ठेव. ती 400 नंबरच्या पेपरने घासून टेपच्या पातळीवर आण. मग टेप काढून टिपची बाजू जराशी ओली कर आणि जुन्या चामडी पाकिटाच्या तुकड्याने जोरात घास, बोटाला चटका बसेपर्यंत. बाजू चकाकते आणि घट्ट होते, त्यामुळे टिप पुढे छत्रीसारखी पसरत नाही. अमेरिकेत यासाठी डॉलरची नोट वापरतात. आपल्या नोटा या कामासाठी नाहीत, पाकीटच बरं.

माथ्याला गोलाई दे. अमेरिकेत त्यासाठी 'निकेल' नावाच्या नाण्याचं माप घेतात. आपलं एक रुपयाचं चालू नाणं जवळजवळ तेवढंच आहे. नाणं मागे धरून उजेडात बघायचं, इतकंच. चपटी टिप मध्यावर ठीक वागते, पण स्पिन द्यायला गेलीस की काठानेच लागते. बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून, म्हणजे पूलच्या बॉलवर साधारण 14 मिलिमीटरहून लांब मारलं, तर उत्तम टिपही घसरते, तेव्हा प्रत्येक मिस-क्यूचं खापर तिच्यावर फोडू नकोस. क्यूला चामडं लावण्याचं श्रेय फ्रांस्वा मिंगो या फ्रेंच कॅप्टनला देतात. 1807 च्या सुमारास तुरुंगात असताना त्याला ते सुचलं म्हणतात. घाई नसलेल्या माणसाचाच हा शोध असणार, असं मला नेहमी वाटतं.

चॉक फिरवताना टिपच्या माथ्यावरून रंग दिल्यासारखा फिरव. ठोकळ्यात क्यू गरगर फिरवून भोक पाडणाऱ्यांच्या फेरूलची कड निळी होते आणि झिजतेही. हल्लीच्या चॉकमध्ये नुसता खडू नसतो, सिलिका आणि घासणारी पूड असते. स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी 1897 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं.

नवी टिप पहिले काही दिवस दबते, थोडी पसरते, तुझा वेग आणि तिचा वेग जुळत नाहीत. पुन्हा एकदा कड घासावी लागेल. म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात टिपला हात लावू नकोस, जुनी कितीही झिजलेली दिसो.

टिपांचा डबा कुरिअरने पाठवतो आहे. पहिल्या दोन-तीन तुझ्या बाबांच्या माळ्यावरच्या जुन्या क्यूवर बसव. त्यांना विचारून.

तुझा,
मामा

ता. क. जुनी टिप काढल्यावर फेरूलला उभी चीर दिसली, किंवा ते बोटाने हललं, तर पुढे काहीच करू नकोस. ते काम लेथवाल्याचं. क्यू मऊ कापडात गुंडाळून माझ्याकडे पाठव.