सातव्या मजल्यावरची येळवस

सोहमची आज्जी निलंग्याहून बंगळुरूला आली ती दिवाळीनंतर. आजोबा गेले, शेत बटईनं दिलं, आणि मुलगा तिला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आपल्या घरी घेऊन आला. सातवा मजला, लख्ख उजेड, सगळी सोय. पण मार्गशीर्ष लागला तशी ती रोज सकाळी कॅलेंडरपुढं उभी राहायला लागली.

"काय बघतेस, आज्जी?"

"येळवस कधी हाय ते बगतेय."

"मग करू ना आपण."

"लेकरा, येळवस शेतात असती. शेत न्हाई तर कशाची येळवस?" एवढं बोलून ती लसूण सोलायला बसली.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, सोलापूरच्या काही भागात आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी, विजयपुऱ्यात मार्गशीर्षातल्या अमावास्येला हा सण येतो. रब्बीची ज्वारी वर आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो, तुरीला शेंगा लगडलेल्या असतात. त्या दिवशी घरी कुणी थांबत नाही. बाया डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेतात आणि सगळं घर शेतात जातं. कडब्याची खोप उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग पंगत. लातूर-धाराशिवात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि भर दुपारी लातूरच्या बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नाही. एवढा मोठा सण उरलेल्या महाराष्ट्राला जवळजवळ ठाऊकच नाही, याची मला नेहमी खंत वाटते. कारण त्याची सर्वांत सुंदर रीत सगळ्यांनी घ्यावी अशी आहे. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आवर्जून बोलावतो. बांधावरून कुणी अनोळखी चालला असला तरी त्याला हाक जाते, आणि तो जेवल्याशिवाय पुढं जात नाही.

दहा वर्षांच्या सोहमला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचा जन्म बंगळुरूचा. शाळेत कन्नड, मित्रांत इंग्रजी, घरात मराठी. गावाकडची आंबील त्याने एकदाच तोंडाला लावली होती आणि नाक मुरडून पेला खाली ठेवला होता.

अमावास्या चार दिवसांवर आली तेव्हा तो खाली खेळायला गेला. पंप हाऊसच्या मागं सोसायटीचे माळीमामा कढीपत्त्याच्या वाफ्याशी बसून दगडांना चुना लावत होते. सोहमने दगड मोजले. पाच! त्याने कन्नडमध्ये विचारलं, हे कशाला? मामा म्हणाले, आमच्या कलबुर्गीतल्या आळंदकडं अमावास्येला शेतात पांडव मांडतात. इथं शेत कुठलं, म्हणून या वाफ्यातच मांडतो आणि भाकरी खातो, एकटाच.

सोहम लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर पळाला.

आज्जी खाली आली. दगडांकडं बघितलं, माळीमामांकडं बघितलं आणि कन्नडमध्ये बोलायला लागली. सोहम बघतच राहिला. निलंगा बीदरला लागून आहे आणि आज्जीचं माहेर तिकडच्या भालकीचं, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. दोघांचं बोलणं येळवसच्या भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, चाकवत घालायचा की नाही इथपर्यंत गेलं. आज्जी म्हणाली, पण शेत न्हाई ना. त्यावर मामांनी पायाखालची माती उचलून दाखवली. "अव्वा, हेही शेतच होतं."

खरंच होतं. १९७८ मध्ये कर्नाटक सरकारच्या केओनिक्स या कंपनीने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतली ३३२ एकर जमीन घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला सुरुवात केली. कंपन्यांच्या काचांखाली कुणाकुणाचे वाफे आणि बांध गाडले गेले आहेत.

"मग भाजी कुठं मिळंल बग," आज्जी म्हणाली. एवढं पुरे होतं.

ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक सिटीला मेट्रोची पिवळी मार्गिका आहे. बाबांनी दोघांना त्या मेट्रोने आर. व्ही. रोडला नेलं आणि तिथून हिरव्या मार्गिकेने के. आर. मार्केटला. डिसेंबरात बंगळुरूचा बाजार पावट्याच्या शेंगांनी भरलेला असतो. इथली माणसं त्याला अवरेकाई म्हणतात आणि त्यासाठी वेडी असतात. तुरीच्या ओल्या शेंगाही मिळाल्या. वाटाणा, ओला हरभरा, पातीचा कांदा, मेथी, गाजर. आज्जी प्रत्येक शेंग दाबून बघत होती आणि सोहम पिशवी धरून तिच्या मागं.

आदल्या दिवशी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवलं. अमावास्येला सोहमने शाळेला सुट्टी मागितली आणि आईने ती दिली. सकाळी आज्जीने त्याला उंडे वळायला बसवलं. बाजरीचं पीठ, तीळ, मीठ. हात ओला करायचा, गोळा तळव्यात फिरवायचा, अंगठ्याने दाबायचा. पहिले तीन-चार उंडे चिरले. आज्जी काही बोलली नाही. तिने फक्त त्याच्या तळव्यावर अजून थोडं पाणी शिंपडलं. मग भज्जीसाठी शेंगांमधले दाणे शिजले आणि बेसन कालवलेलं आंबट ताक पातेल्यात ओतायची वेळ आली. पळी सोहमच्या हातात.

"हात थांबवू नगंस. थांबला की गुठळी."

त्याचा दंड भरून आला तरी तो थांबला नाही. भज्जी घट्ट झाली, बुडबुडे फुटायला लागले, तेव्हा आज्जीने फोनवर सगळ्या गावाला त्याचा हात दाखवला.

दुपारी वाफ्यात नारळाच्या झावळ्यांची खोप उभी राहिली, कारण कडबा कुठून आणणार? पांडव बसले. आज्जीने आणि माळीमामांनी मिळून आंबील शिंपडली, कढीपत्त्यावर, जास्वंदीवर, कुंपणाच्या मेंदीवर. मामांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची पोळी आली होती. संध्याकाळी हेंडगा नावाची मशाल पेटवून शेताभोवती फिरवतात, तेवढं राहिलं. सोसायटीत आग चालत नाही.

पानं वाढल्यावर आज्जी सोहमला म्हणाली, "जा, वाटेनं जाणाऱ्याला हाक मार."

तो फाटकापाशी गेला. आधी ओडिशाचा वॉचमन आला. मग पार्सल घेऊन आलेला पोरगा, इस्त्रीवाले अण्णा, तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ आजी आणि क्रिकेट सोडून आलेले सोहमचे मित्र. एका मित्राने आंबिलीचा वास घेऊन तोंड वाकडं केलं. सोहमने त्याच्या पानात भज्जी वाढली, वर उंडा कुस्करला आणि म्हणाला, "आधी हा घास. मग वरून आंबील. हे असंच खातात." आणि स्वतः पेला तोंडाला लावून रिकामा केला.

त्या मित्राने दोनदा भज्जी मागून घेतली. आज्जी उठून वाढायला निघाली तर सोहमने तिला बसवलं आणि पातेलं स्वतः उचललं.

मराठवाड्यातली हजारो घरं आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत येळवस कॅलेंडरवरच राहते. तुमच्या इमारतीत लातूर, धाराशिव, बीदर किंवा कलबुर्गीकडचं कुणी असेल, तर या मार्गशीर्षात त्यांना विचारा. शेत नसेल तर गच्चीवरच्या कुंडीशी पाच दगड मांडा, भज्जी ढवळायला घरातल्या पोराच्या हातात पळी द्या आणि आंबील चार माणसांची जास्त करा.