पॉवेल यांनी बदललेला प्रश्न

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर झाली आणि ६७ माणसं गेली. तपास जेमतेम सुरू झाला होता, तरी दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नोकरभरतीतल्या ‘डायव्हर्सिटी’कडे बोट दाखवलं. कशावरून, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या कॉमन सेन्सचा हवाला दिला.

मृतांचे नातेवाईक शोकात असताना केलेला हा आरोप संतापजनकच होता. पण डायव्हर्सिटीची बाजू घेणारेही अशा वेळी चाचरतात. विविधतेमुळे कामात नवे विचार येतात, कंपनीचा फायदा होतो, एवढंच ते सांगू शकतात. कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाच्या भरपाईचा मूळ मुद्दा त्यांच्या हातून केव्हाच निसटला आहे. तो कुठे निसटला, हे पाहायला हवं.

मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ, १९६४ चा नागरी हक्क कायदा हे सर्वांना ठाऊक आहे. १९६५ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात बोलताना अध्यक्ष जॉन्सन यांची भूमिका स्वच्छ होती: पिढ्यान्‌पिढ्या जखडलेल्या माणसाला नुसतं मोकळं सोडलं म्हणजे न्याय झाला, असं होत नाही. तोवर सगळा वाद देण्याघेण्याचा होता. कुणाचं काय हिरावलं गेलं आणि ते कसं परत करायचं?

मग आला बाकी खटला. ॲलन बाकी हा तिशी ओलांडलेला गोरा इंजिनिअर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजनं त्याला दोनदा प्रवेश नाकारला. तिथल्या १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. २८ जून १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो चार विरुद्ध चार असा दुभंगून, आणि मधोमध एकटे न्यायमूर्ती लुईस पॉवेल. त्यांचंच मत निर्णायक ठरलं.

हा निकाल म्हणजे चळवळीचा अर्धा विजय, असं आजही सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात चळवळीचा पायाच तिथे उखडला गेला. समाजानं केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण पॉवेल यांनी नाकारलं. राखीव जागाही नाकारल्या. मान्य केलं ते एकच: वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं एकत्र आली की सगळ्यांचंच शिक्षण समृद्ध होतं. त्यासाठी त्यांनी हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीचा दाखला दिला. आयडाहोतला शेतकऱ्याचा मुलगा बॉस्टनच्या मुलाकडे नसलेलं काही घेऊन येतो, तसाच कृष्णवर्णीय विद्यार्थीही. गुलामांचा पणतू आणि बटाट्याच्या शेतावरचा गोरा मुलगा एका ओळीत बसले! आता कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश द्यायचा, तो तिचा हक्क म्हणून नव्हे, तर तिच्या सहवासाचा इतरांना उपयोग म्हणून. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच निकालात दोनशे वर्षांच्या भेदभावाचा पाढा वाचला. त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

आपल्याकडे विविधतेच्या या धोरणाला ‘अमेरिकेतलं आरक्षण’ म्हणतात, तेही म्हणूनच चुकीचं आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्या दरबारात विविधता यावी म्हणून नव्हे. शिक्षण आणि सत्ता मूठभरांच्या हाती एकवटली होती म्हणून.

पुढचा प्रवास उताराचा. कंपन्यांनी हीच भाषा उचलली, कारण तिच्यात कुणाच्याही माथी दोष येत नव्हता. २००३ च्या ग्रटर या विद्यापीठ प्रवेशाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पॉवेल यांचाच युक्तिवाद उचलून धरला. २०२३ मध्ये प्रवेशधोरणावरच्याच निकालात मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी विचारलं, हा फायदा मोजायचा कसा? फायद्यावर उभी केलेली इमारत मग ढासळायला वेळ लागला नाही.

त्या निकालातलं न्यायमूर्ती केटांजी ब्राऊन जॅक्सन यांचं विरोधी मत मात्र मुळापासून वाचावं असं आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अर्ज करणारी दोन मुलं त्यांनी कल्पिली आहेत. जॉन गोरा, जेम्स कृष्णवर्णीय. दोघांचीही घराणी विद्यापीठाच्या स्थापनेपासून, १७८९ पासून, त्याच राज्यातली. जॉन तिथून पदवी घेणारी सातवी पिढी ठरेल. जेम्स पहिली. त्याच्या आधीच्या सहा पिढ्यांना हे दार का उघडलं नाही, याचा जाब त्या गुलामगिरीपासून जमीन, घर, कर्ज, आरोग्य अशा एकेका कलमानं मागत जातात. जेम्समुळे वर्गातल्या चर्चेला रंगत येईल का, हा प्रश्न तिथे गौण ठरतो.