टाळी कोणासाठी?

गतवर्षीच्या गणेशोत्सवात बालाघाटातील आमच्या मंदिराच्या सभामंडपात आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने अभंग म्हटला. वयाच्या मानाने गाणे चांगलेच रंगले. ती थांबताच मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, आणि पुढे बसलेल्या मी हात वर करून त्या थांबविल्या. देवापुढे टाळ्यांनी वाहवा करू नये हा आमच्या मंडपाचा जुना दंडक, तो पाळला गेला. मुलगी मात्र क्षणभर तशीच उभी राहिली. आपले काय चुकले हे न कळून तिने आईकडे पाहिले आणि रडतच ती खाली उतरली. तेव्हापासून टाळी ह्या वरकरणी क्षुल्लक क्रियेचा विचार मनातून जात नाही.

आमच्या भागात हा विचार दोन भाषांतून करावा लागतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. तरी आरतीच्या वेळी ‘टाळी’ म्हणणारे आणि ‘ताली’ म्हणणारे येथे खांद्याला खांदा लावून उभे असतात. शब्द मुळात एकच आहे. तळहाताचा ‘तल’, गाण्याचा ‘ताल’, वारकऱ्याचा ‘टाळ’ आणि आपली ‘टाळी’ ही सारी एकाच कुळातील भावंडे मानली जातात. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ताल हा शब्द प्रतिष्ठा म्हणजे स्थिर करणे ह्या अर्थाच्या धातूपासून साधला आहे, गीत, वाद्य आणि नृत्य ही तालावर उभी राहतात, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे टाळीचे पहिले काम आधार देण्याचे. स्तुतीचे काम तिच्याकडे मागाहून आले असावे. भरताच्या तालविचारात हाताच्या सशब्द क्रिया आहेत तशा निःशब्दही आहेत. आजही त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी व तेरावी टाळीची, तर नववी खालीची. आणि मराठीत आणखी एक टाळी आहे. ध्यानात मन पूर्ण लीन झाले की ‘टाळी लागली’ म्हणतात. तिथे हात हलतही नाहीत.

इंग्रजांचा ‘क्लॅप’ हा शब्द ह्या कुळातला नव्हे. तो ध्वनीवरून घडलेला आहे आणि त्या भाषेच्या जुन्या काळी त्याचा अर्थ आपटणे, धडधडणे असा होता. दोन हातांशी त्याची गाठ पुढे पडली, आणि प्रशंसेशी त्याहूनही पुढे. मेघगर्जनेच्या कडकडाटालाही ते हाच शब्द लावतात, आणि घंटेच्या आतल्या लोलकाला ‘क्लॅपर’ म्हणतात. (एका लज्जास्पद रोगाचेही तेच नाव आहे, त्याचा उगम जुन्या फ्रेंच भाषेत दाखवितात. तो येथे सोडून दिलेला बरा.) ‘अप्लॉज’ ह्या शब्दाची कथा मात्र अधिक बोधक आहे. तो लॅटिन ‘प्लाउदेरे’, म्हणजे हातावर हात मारणे, ह्यापासून आला. रोममधील सुखान्त नाटकांच्या शेवटी नट प्रेक्षकांकडे सरळ टाळ्या मागत. आणि नट आवडला नाही तर टाळ्यांच्याच गदारोळात त्याला रंगभूमीवरून हाकलीत. त्या हाकलण्याचा शब्द आज ‘एक्स्प्लोड’ होऊन स्फोटाच्या अर्थाने वावरतो आहे. नीरो बादशहाने तर आपल्या गायनासाठी पाच हजारांवर तरुण नेमून त्यांना टाळ्यांचे निरनिराळे प्रकार शिकविले होते, असे सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. जी टाळी चढविते तीच उतरविते आणि विकतही मिळते, एवढे ह्यावरून दिसते. आमच्या वडीलधाऱ्यांना ती देवापुढे नको वाटली ह्याचे मला नवल वाटत नाही.

परंतु टाळी देवळात निषिद्धच आहे, असेही नाही. तमिळ देशातील शिवमंदिरांत चंडिकेश्वरापुढे भाविक हलकेच टाळी वाजवितात. तो सदा ध्यानमग्न, त्याला आपली चाहूल द्यावी, असा त्यामागील भाव सांगतात. आपल्या आरतीत तर टाळीवाचून चालतच नाही. आरतीत ऐकणारा कोणी नसतो. ज्याच्याकडे झांज नाही त्याचे हातच झांज होतात. गाणे संपल्यावर वाजणारी टाळी निराळी. ती वाजविणारा सहभागी नसतो, तो न्यायाधीश झालेला असतो.

भरतमुनींनी नाट्याच्या सिद्धीचे दैवी आणि मानुषी असे दोन भेद केले आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षक हसतात, ‘साधु’ म्हणतात, ‘अहो’ म्हणून विस्मय दाखवितात, रोमांचित होतात, आसनावरून उठतात, अंगावरची वस्त्रे देऊन टाकतात. दैवी सिद्धी म्हणजे रंगमंडप पूर्ण भरलेला असूनही जिथे शब्द नाही, क्षोभ नाही, ती अवस्था. आमच्या दंडकाचे समर्थन मी काही दिवस ह्याच आधारावर करीत होतो. त्यातली चूक पुढे ध्यानात आली. ती शांतता आपोआप उमटावी लागते. हात वर करून लादलेली शांतता दैवी सिद्धी होत नाही. शिवाय मुनींनी मानुषी सिद्धीला सिद्धीच म्हटले आहे, दोष नव्हे.

स्तुतीने अहंकार वाढतो, हा दुसरा युक्तिवाद. तो खरा आहे. पण आपण तो कोणाला लावतो? त्याच मंडपात नामांकित कीर्तनकार येतात तेव्हा हार, शाल आणि श्रीफळ देऊन आपण त्यांचा सत्कार करतो, आणि त्यांच्या अहंकाराची चिंता कोणी वाहत नाही. निरहंकाराचा धडा तेवढा आठ वर्षांच्या मुलीने गिरवायचा!

आणि खरा अपराध तर टाळ्या थांबविण्याच्याही आधी घडला होता. ती गात असताना आम्हां मोठ्यांपैकी एकाचाही हात तालासाठी हलला नाही. हाताची घडी घालून नाटकगृहातल्यासारखे आम्ही ऐकत बसलो, आणि ती थांबल्यावर मात्र हे देऊळ आहे ह्याची आम्हाला आठवण झाली. अभंगातच टाळी धरली असती तर शेवटी ती मागण्याची वा नाकारण्याची वेळच आली नसती.

यंदाच्या सभेत मी एवढेच सुचविले की मुलांच्या अभंगाला सर्वांनी प्रथमपासून टाळीने साथ करावी, आणि नंतर कोणाचे हात थांबले नाहीत तर ते थांबवू नयेत. दोघा-तिघांना हे मान्य नाही. दंडक एकदा सैल झाला की उद्या शिट्ट्याही येतील, अशी भीती त्यांना वाटते, आणि ती अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्या मुलीला मी स्वतः जाऊन विचारले, यंदा म्हणशील ना? ‘म्हणेन,’ ती म्हणाली, ‘पण आजोबा, तुम्ही पुढे बसू नका.’ मी मागच्या रांगेत बसणार आहे.